एकाच लॅपटॉपवर दोन क्लस्टर, रॅक, राउटर आणि मधला बिघाड: कसं उभं करता?

घाटवळण

नमस्कार मंडळी,

कुबरनेटीसच्या (कंटेनर अनेक मशीनवर चालवणाऱ्या प्रणालीच्या) नेटवर्कशी झटापट करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. आमच्याकडे दोन ठिकाणी दोन क्लस्टर (नोड म्हणजे मशीनचे समूह) आहेत. प्रत्येकात तीन रॅक, प्रत्येक रॅकचा सबनेट वेगळा. नोड आपापल्या रॅकच्या राउटरशी बीजीपीने (वाटा एकमेकांना सांगायच्या प्रोटोकॉलने) बोलतात आणि पॉडचे (कंटेनरांच्या गटांचे) पत्ते थेट जाहीर करतात, एन्कॅप्सुलेशन (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळणं) नाही. दोन ठिकाणांच्या मध्ये वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा.

मध्यंतरी एक विचित्र दुखणं निघालं. इकडची सेवा तिकडच्या सेवेला विनंती पाठवते, कनेक्शन लागतं, छोटं उत्तर लगेच येतं. उत्तर मोठं असलं की मात्र सगळं जागच्या जागी थिजतं आणि शेवटी टाइमआउट. लॅपटॉपवर काइंडमध्ये (डॉकर कंटेनरांत क्लस्टर उभं करणाऱ्या साधनात) हीच दोन्ही अ‍ॅप्स गुण्यागोविंदाने नांदतात, सगळ्या चाचण्या हिरव्या. स्टेजिंगवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणी-व्यवस्थेवर) कायम कुणीतरी ठाण मांडून असतं, आणि तिथलं नेटवर्क मोडून पाहायला कुणी देतही नाही.

तर प्रश्न असा: हा सगळा पसारा लिनक्स लॅपटॉपवर, १६ जीबी मेमरीत, खऱ्यासारखा उभा करता येतो का? कुणी केलंय का?

खटपट्या

काइंडचे दोन क्लस्टर काढा, झालं. के३डी हे तसलंच साधन आणखी हलकं आहे. रॅकबिक कशाला हवेत? अ‍ॅपला काय कळतंय मध्ये किती राउटर आहेत ते!

कोरडाठाक

अ‍ॅपला कळत नाही म्हणूनच तर ते थिजतं ना राव.

माझं मत: कंटेनरच्या आत नोड, नोडच्या आत कंटेनर, हा खेळ डेमोपुरता ठीक. नेटवर्क तपासायचं असेल तर व्हीएम (आभासी मशीन) काढा. प्रत्येक नोडला आपलं कर्नल, आपलं नेटवर्क कार्ड. बाकी सगळी नक्कल.

शून्यप्रहर

दोघांच्याही मध्ये कुठेतरी उत्तर आहे. जरा लांबण लावतो.

आधी काइंड काय करतं ते पाहू. प्रत्येक नोड म्हणजे एक डॉकर कंटेनर, आत सिस्टमडी, कंटेनर चालवणारं कंटेनरडी आणि क्यूबलेट (नोडवरचा कुबरनेटीसचा एजंट). हे सगळे नोड 'काइंड' नावाच्या एकाच डॉकर ब्रिजवर बसतात. दुसरा क्लस्टर काढलात तरी तोही त्याच ब्रिजवर. म्हणजे तुमचे सहा रॅक आणि दोन ठिकाणं मिळून एका सपाट स्विचवर आली. प्रत्येक नोड प्रत्येकाचा सख्खा शेजारी, मध्ये एकही राउटर नाही. खरी मेख इथे आहे.

या सपाटपणामुळे काय काय झाकलं जातं बघा. कॅलिको या सीएनआयमध्ये (पॉडना नेटवर्क देणाऱ्या प्लगइनमध्ये) एन्कॅप्सुलेशन 'फक्त सबनेट ओलांडताना' असं ठेवता येतं. काइंडमध्ये सबनेट एकच, त्यामुळे व्हीएक्सलॅनमधून (एन्कॅप्सुलेशनच्या एका प्रकारातून) एकही पॅकेट जात नाही. म्हणजे जी वाट तपासायची तिच्यावर कुणी पाऊलच ठेवलेलं नाही, आणि चाचणी हिरवी! सिलियम या दुसऱ्या सीएनआयमध्ये नोडांनी एकमेकांचे राउट थेट लावून घ्यायचा पर्याय आहे. तो नोड एकाच लेयर-२ वर (मध्ये राउटर नसलेल्या नेटवर्कवर) असतील तरच चालतो. लॅपटॉपवर चालणार, रॅक बदलला की बंद. बीजीपीचं तर विचारूच नका, बोलायला समोर कुणी नाही.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. काइंडचा पॉड सबनेट मुळात १०.२४४.०.०/१६ असतो. दोन क्लस्टर तसेच काढले तर दोघांचे पॉड एकाच पत्त्यांवर. एकटे असताना कुणाला पत्ता लागत नाही (कृपया हलके घ्या), जोडायला गेलात की गोंधळ. तेव्हा पहिल्या दिवसापासून वेगवेगळे सबनेट द्या आणि मूळचं सीएनआय बंद करून प्रॉडक्शनमधलंच सीएनआय, त्याच आवृत्तीचं घाला.

आता रॅक. यासाठी कंटेनरलॅब वापरा. एका यामल फाइलमध्ये कोणते नोड आणि कुणाचा कोणता इंटरफेस कुणाला जोडायचा हे लिहायचं, ते व्हेथ जोड्यांनी (आभासी केबलींनी) तारा ओढून देतं. राउटर म्हणून एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर. प्रत्येकाला काही दशक एमबीच मेमरी लागते, त्यामुळे आठ-दहा राउटर कुठे जाणवतही नाहीत. (स्विच कंपन्यांच्या पूर्ण इमेजेस घेतल्यात तर मात्र १६ जीबी लगेच संपतील.) काइंडचे नोडसुद्धा याच आराखड्यात आणता येतात, म्हणजे प्रत्येक नोडला डॉकरच्या इंटरफेसशिवाय दुसरा, रॅककडे जाणारा इंटरफेस मिळतो.

इथे एक खाचखळगा आहे. दुसरा इंटरफेस नुसता जोडून भागत नाही. क्यूबलेटला नोडचा आयपी तो नवीन पत्ता आहे असं सांगावं लागतं आणि नोडचा डिफॉल्ट राउट रॅकच्या राउटरकडे वळवावा लागतो. नाहीतर आराखडा कागदावर सुंदर दिसतो आणि ट्रॅफिक मागच्या दाराने जुन्या ब्रिजवरूनच जातो. जोडणी झाल्यावर नोडांची यादी वाइड स्वरूपात काढा आणि कोणते आयपी दिसतात ते बघा. मग एका पॉडमधून दुसऱ्या रॅकमधल्या पॉडकडे ट्रेसरूट (वाटेतले राउटर दाखवणारी कमांड) मारा. मध्ये राउटर दिसत नसतील तर पुढची कुठलीही चाचणी करू नका, तिला काही अर्थ नाही.

निमूट

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: डिफॉल्ट राउट वळवल्यावर कंटेनरच्या इमेजेस कशा ओढल्या जाणार? आणि मॅकवर हे चालेल का?

शून्यप्रहर

बाळबोध काही नाही, सगळे इथेच अडकतात. सगळ्यात वरच्या राउटरचा डॉकरकडचा इंटरफेस असतोच, तिथे मास्करेड (पाठवणाऱ्याचा पत्ता राउटरच्या पत्त्याने बदलणं) लावा, नोडांना बाहेरची वाट मिळते. किंवा इमेजेस काइंडच्या लोड कमांडने आधीच नोडांत भरून ठेवा. मी दुसरं करतो, कारण मग नेटवर्क मोडताना इमेज ओढण्याच्या भानगडी मध्ये येत नाहीत.

मॅकवर डॉकर मुळात एका लिनक्स व्हीएमच्या आत चालतं. त्यामुळे नोडांचे आयपी मॅकवरून थेट पोचत नाहीत आणि मेटलएलबी या लोड बॅलन्सरने दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून काही होत नाही. एक लिनक्स व्हीएम काढा आणि सगळा पसारा तिच्या पोटात मांडा. चाचणी करणारा क्लायंटही लॅबमधलाच एक कंटेनर असू द्या, बाहेरून हात घालू नका.

कोरडाठाक

शून्यप्रहर, सपाट ब्रिजचा मुद्दा मान्य. पण कर्नल एकच राहतं, त्याचं काय? तुमचे सहा नोड आणि दहा राउटर एकाच कर्नलवर. मोड्यूल तीच, आवृत्ती तीच. कॉनट्रॅकची (चालू कनेक्शनांच्या नोंदींची) कमाल मर्यादा यजमानाच्या कर्नलवरून ठरते. एका नोडचं घड्याळ पुढे ढकलून सर्टिफिकेट फसतात का ते पाहायचं म्हटलं तर तेही नाही. टाइम नेमस्पेस (कंटेनरला वेगळं घड्याळ देणारी कर्नलची सोय) आहे, पण ती मोनोटॉनिक आणि बूटटाइम या घड्याळांपुरती, भिंतीवरचं (तारीख-वेळ सांगणारं) घड्याळ सगळ्यांचं एकच.

शून्यप्रहर

शंभर टक्के सहमत. ईबीपीएफचा (कर्नलच्या आत चालणारा) एखादा प्रोग्रॅम दोन वेगळ्या कर्नलांवर तपासायचाय, कॉनट्रॅकचं टेबल भरून पाहायचंय, घड्याळाचा खेळ करायचाय, तर व्हीएमच. थ्रूपुट मोजायचा तर दोन्ही नकोत, खरं हार्डवेअर घ्या. व्हेथवरून येणारा आकडा तुमच्या सीपीयूचा असतो, नेटवर्कचा नव्हे.

पण घाटवळण यांचं दुखणं मार्गाचं आहे: पॅकेट कुठून जातं, कुठे अडतं, अडल्यावर कुणाला कळतं. राउटिंग टेबल, एमटीयू (पॅकेटाचा कमाल आकार), आयसीएमपी (नेटवर्कच्या चुका कळवणारे निरोप), फायरवॉलचे नियम हे सगळं प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसचं (कर्नलमधल्या वेगळ्या नेटवर्क-कप्प्याचं) वेगळं असतं, आणि ते चालवणारा लिनक्सचा खराच कोड असतो. त्या अर्थाने ही नक्कल नाहीच.

घाटवळण, तुमची लक्षणं वाचून मला तरी एमटीयूचा वास येतोय. वायरगार्डचा इंटरफेस साधारण १४२० वर असतो, तुमचे पॉड १५०० वर असणार. मधल्या राउटरला मोठं पॅकेट पुढे ढकलता येत नाही, डीएफ ('तुकडे करू नका') बिट लावलेला म्हणून तोडताही येत नाही. तो 'तुकडे करणं गरजेचं' असा आयसीएमपी निरोप परत पाठवतो. वाटेत कुणी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलं असेल तर तो निरोप पोचतच नाही. पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. हँडशेकची पॅकेटं चिमुकली, म्हणून कनेक्शन लागतं.

हे उभं करायला सहा रॅक लागत नाहीत. दोन्हीकडे एकेक नोडचा क्लस्टर, मध्ये दोन राउटर, त्यांच्यातल्या तारेचा एमटीयू १४२०, आणि दोन्ही राउटरवर आयसीएमपी प्रकार ३ कोड ४ (तोच निरोप) बाहेर जाताना ड्रॉप. बस.

अनुस्वार

छान चाललाय धागा. सहा रॅक लागत नाहीत हे वाक्य ठळक करून ठेवायला हवं. लोक आधी प्रॉडक्शनचा हुबेहूब आराखडा काढायला बसतात आणि मग त्या आराखड्याचीच देखभाल करत राहतात. जो बिघाड पाहायचा आहे तो ज्या सगळ्यात लहान जोडणीत होऊ शकतो, तेवढीच जोडणी काढावी.

विलंब आणि पॅकेट-गळती घालणार असाल तर टीसीचं (लिनक्सच्या ट्रॅफिक-नियंत्रणाचं) नेटेम वापराल. त्याबद्दल थोडं, कारण त्याचे आकडे फार जण तसेच उचलतात.

नेटेम फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर लागतं. एका टोकाला ८० मिलिसेकंद लावलेत तर जाऊन-येऊन ८०च वाढतात, १६० नाही. दोन्ही बाजू सारख्या हव्या असतील तर दोन्ही टोकांना ४०-४० लावा. दुसरं, नेटेमच्या रांगेची मूळ मर्यादा १००० पॅकेटांची आहे. १ गिगाबिटच्या वाटेवर १०० मिलिसेकंद विलंब घातलात तर त्या क्षणी १२.५ एमबी माल हवेत असतो. १५०० बाइटचं पॅकेट धरलं तर आठ हजारांच्या वर पॅकेटं होतात. रांग १०००ची. उरलेली गळतात, तुम्ही गळती शून्य ठेवली असली तरी! मग 'विलंब वाढला की आमचं अ‍ॅप कोसळतं' असा निष्कर्ष निघतो. तेव्हा विलंब वाढवताना लिमिटही वाढवा.

आणि हे सगळं राउटरवर लावा, नोडवर नको. नोडच्या टीसीवर सीएनआयचेही हात असतात, ईबीपीएफवालं असेल तर काही पॅकेटं नेहमीची वाट सोडून आडवाटेने जातात. राउटर बिचारा निष्पाप असतो.

अवांतर: एक टक्का गळती लावून पाच सेकंदांचे उंचवटे दिसले तर अ‍ॅपला दोष देण्याआधी डीएनएस पाहा. पॉडमध्ये एनडॉट्स (नावात इतक्यापेक्षा कमी टिंबं असली तर आधी शेपटं लावा असं सेटिंग) ५ असतं, म्हणून बाहेरच्या नावासाठी आधी क्लस्टरची सगळी शेपटं लावून शोध होतो, ए (आयपीव्ही४) आणि क्वाड-ए (आयपीव्ही६) दोन्हीसाठी. एवढ्या यूडीपी प्रश्नांतला एखादा हरवला की जीलिबसीचा रिझॉल्व्हर मुळातले ५ सेकंद वाट पाहतो. नावाच्या शेवटी पूर्णविराम दिला तरी बराच फरक पडतो.

निमूट

ताई, सेंटओएससारख्या मशीनवर नेटेम लावताना 'अशी क्यूडिस्क (पॅकेटांच्या रांगेचा प्रकार) नाही' असं काहीतरी येतंय.

अनुस्वार

रेड हॅटच्या घराण्यात नेटेमचं मोड्यूल कर्नलच्या एक्स्ट्रा पॅकेजमध्ये असतं. चालू कर्नलच्याच आवृत्तीचं ते पॅकेज घाला. यजमानावर घालायचं, कंटेनरमध्ये नाही.

घाटवळण

झालं! शून्यप्रहर यांनी सांगितलेली छोटी जोडणी उभी केली. दुखणं तंतोतंत लॅपटॉपवर आलं.

पॉडमधून डीएफ लावून पिंग केलं. १३९२ बाइट जातात (२८ बाइट हेडर धरून १४२०), १३९३ला शांतता. ना उत्तर, ना चूक. राउटरच्या आतल्या बाजूला टीसीपीडंप (पॅकेटं टिपणारं साधन) लावून बसलो तर एकच मोठा सेगमेंट परत परत येताना दिसतो, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. आयसीएमपीचा नियम काढून टाकला की दुसऱ्या क्षणाला गाडी सुरू. मग नियम परत लावला आणि राउटरवर एमएसएस (टीसीपी सेगमेंटचा कमाल आकार) १३८० वर आवळला, तरी सुरू. आता नेटवर्कवाल्यांकडे नुसती तक्रार न्यायची नाही, फाइल न्यायची.

पुढचा टप्पा: रॅकचा राउटर मेला तर दुसऱ्या वाटेने ट्रॅफिक वळतो का ते पाहायचंय. मी नोडकडची लिंक डाउन केली, एका सेकंदाच्या आत वळला. प्रॉडक्शनमध्ये मात्र असंच झालं तेव्हा तीन मिनिटं गेली होती. सेटिंग तीच आहेत, पडताळून पाहिली.

शून्यप्रहर

हा माझा आवडता विषय.

व्हेथ म्हणजे एका दोरीची दोन टोकं. एक टोक डाउन केलंत की समोरच्याला कॅरियर गेल्याचं तत्क्षणी कळतं. एफआरआर ते पाहून बीजीपीचं सेशन लगेच पाडतं आणि वाट बदलतं. प्रत्यक्षात नोड आणि राउटरच्या मध्ये बहुधा स्विच असतो, किंवा राउटरची लिंक जिवंत राहते आणि आतला फॉरवर्डिंगचा भाग मरतो. दिवा हिरवा, पॅकेट गडप. तेव्हा बीजीपीला होल्ड टायमर (शेजाऱ्याकडून काही न आल्यास थांबायची मुदत) संपेपर्यंत काही कळत नाही. एफआरआरच्या मूळ प्रोफाइलमध्ये तो १८० सेकंदांचा असतो. मोजा तुमची तीन मिनिटं.

म्हणून लिंक डाउन करू नका. लिंक चालू ठेवून दोन्ही बाजूंना नेटेमने १०० टक्के गळती लावा. मग लॅपटॉपवरही तीन मिनिटं लागतील. त्यावर उपाय म्हणून बीएफडी (वाट मेली हे झटपट ओळखणारा प्रोटोकॉल) लावा किंवा एफआरआरची डेटासेंटर प्रोफाइल घ्या (तिथे कीपअलाइव्ह ३, होल्ड ९ सेकंद), आणि फरक घड्याळ लावून पाहा.

असाच आणखी एक प्रकार. नोड मारायला लोक डॉकर स्टॉप करतात. तो शहाण्यासारखा निरोप घेऊन जाणारा नोड झाला. त्याऐवजी डॉकर पॉज करून बघा. प्रक्रिया गोठतात, पण नेटवर्क नेमस्पेस कर्नलची असते, ती जागी राहते. पिंगला उत्तर येतं! टीसीपीचं कनेक्शनही लागतं, कारण हँडशेक कर्नलच उरकतं. फक्त पलीकडून डेटा येत नाही. आरोग्यतपासणी 'पोर्ट उघडतंय का' एवढंच बघणारी असेल तर ती खुशाल हिरवी राहते. असे अर्धमेले नोड खऱ्या जगात पूर्ण मेलेल्यांपेक्षा जास्त छळतात.

खटपट्या

हे पॉजचं आत्ता करून पाहिलं. बापरे. आमचा लोड बॅलन्सर मेल्या नोडला मनोभावे ट्रॅफिक देत बसलाय. माझा पहिला प्रतिसाद प्रकाटाआ (काढून टाकण्यात आला आहे असा) समजावा.

कोरडाठाक

तिथे क्लस्टरला काय दिसतं तेही लिहा. नोड नॉटरेडी व्हायला कंट्रोलरचा ४० सेकंदांचा ग्रेस पीरियड आहे (नव्या आवृत्त्यांत ५०), आणि त्यानंतरही पॉड तिथून हलायला मुळातली ३०० सेकंदांची टॉलरेशन (सवलत) असते. लोक दोन मिनिटं वाट पाहून 'फेलओव्हर चालत नाही' म्हणून बग नोंदवतात.

आणि रॅकच्या इंटरफेसवर फूट पाडलीत तर एपीआय सर्व्हर अजून डॉकरच्या ब्रिजवरून पोचत असू शकतो. मग नोड रेडी दिसतो आणि डेटा मेलेला. तेच तपासायचं असेल तर उत्तम. नसेल तर कंट्रोल प्लेनची (क्लस्टर चालवणाऱ्या भागाची) वाटही राउटरवरून न्या.

अनुस्वार

दोन वाटांचा विषय निघालाच आहे तर: ईसीएमपी (सारख्याच किमतीच्या वाटांवर ट्रॅफिक वाटणं) तपासताना सगळा ट्रॅफिक एकाच वाटेने जाताना दिसला तर घाबरू नका. लिनक्सचं मल्टिपाथ हॅश मुळात फक्त पत्ते बघतं, पोर्ट नाही. एक क्लायंट, एक सर्व्हर म्हणजे एकच वाट. हॅश पॉलिसी १ केली की पोर्टही धरले जातात. याउलट जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी असेल, आणि कुठेतरी आरपी फिल्टर (पॅकेट परतीच्याच वाटेने आलं का ते तपासणारं सेटिंग) १ असेल, तर पॅकेट बिनबोभाट गायब. 'ऑल'ची आणि त्या इंटरफेसची किंमत, दोन्हींतली मोठी लागू होते. म्हणून एकीकडे शून्य करून भागत नाही. सैल हवं असेल तर २.

घाटवळण

तीन मिनिटं लॅपटॉपवर मिळाली. बीएफडी लावल्यावर सेकंदाच्या आत आलं. सगळ्यांचे आभार.

शेवटचा प्रश्न. हे सीआयमध्ये (कोडच्या बदलांवर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) घालावं का? टीममधल्या एकाचं म्हणणं, प्रत्येक पुल रिक्वेस्टवर सगळी लॅब उभी करू.

शून्यप्रहर

सगळी नको. एमटीयूची चाचणी, गुपचूप मरणाऱ्या वाटेची चाचणी आणि नेटवर्क पॉलिसीच्या (कोणत्या पॉडने कुणाशी बोलावं त्या नियमांच्या) नकारांची चाचणी एवढ्या प्रत्येक बदलावर चालवा. बाकीच्या रात्री. पॉलिसीत 'जाऊ नये' ते खरंच जात नाही ना, हे तपासणारे फार कमी असतात. पॉलिसी अंमलात न आणणाऱ्या सीएनआयवर ती यामल गुपचूप स्वीकारली जाते आणि सगळं खुलं राहतं.

रनरला (चाचण्या चालवणाऱ्या मशीनला) प्रिव्हिलेज्ड परवानगी लागेल, म्हणून तो वेगळा ठेवा, इतरांच्या कामांसोबत वाटून घेऊ नका. यजमानावर आयनोटिफायच्या (फायलींवर नजर ठेवणाऱ्या सोयीच्या) मर्यादा वाढवा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या नोडला 'फार फायली उघड्या' म्हणून क्यूब-प्रॉक्सी कोसळेल. मॅक्स यूजर वॉचेस ५२४२८८ आणि इन्स्टन्सेस ५१२ पुरतात.

आणि प्रत्येक चाचणीच्या आधी तो ट्रेसरूट. मध्ये राउटर दिसले नाहीत तर चाचणी लाल.

घाटवळण

ट्रेसरूट पहिल्या पायरीला घातला. यामल आणि एफआरआरची कॉन्फिग कंपनीचे पत्ते काढून इथेच डकवतो, कुणाला उपयोगी पडली तर.

निमूट

पडेल. मी वाट पाहतोय.